भीमराजच्या गाडीतली वावटळ

केळापूरला समुद्र नाही, सांगण्यासारखा तलावही नाही. खुनी नावाची नदी आहे, पण संक्रांत सरली की तिच्यात गुरांचे खूर भिजतील एवढंच पाणी उरतं. अशा गावातला एक माणूस हैदराबादपासून भोपाळपर्यंत शिडाच्या होड्या पळवणाऱ्या लोकांना नावानिशी माहीत आहे, हे बाहेरच्याला पटायला वेळ लागतो. भीमराज नगराळे त्याचं नाव. तो होडी चालवत नाही. त्याला पोहताही येत नाही. तो ट्रक चालवतो, आणि त्या ट्रकात घालून त्याने एकच होडी वर्षानुवर्षं या पाण्यावरून त्या पाण्यावर नेली. होडीचं नाव वावटळ.

भीमराजची मूळ ओळख दोराची. आमच्याकडे दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या निघतात, तेव्हा रस्त्याने घरं चालल्यासारखी दिसतात. ट्रकाच्या फाळक्याच्या वर दोन पुरुष उंच कापूस, दोन्ही अंगांनी फुगलेला. ती फुगलेली गाडी सरकी काढायच्या जिनिंगपर्यंत न सांडता नेणं हे दोराचं काम. दोर टाकायचा, पायाने रेटा द्यायचा, मग दोरात काठी घालून पीळ देत देत आवळायचा. कापूस जेवढा दाबाल तेवढा तो गुमान बसतो. भीमराजने बांधलेली गाडी वणीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून गेली तरी मागे बोंडभर कापूस पडत नसे. शेजारच्या पांढरकवड्याच्या जिनिंगवर वजन करणारे म्हणत, नगराळ्याची गाडी आली, झाडू आत ठेवा.

जिनिंग होती उत्तरवारांची. धाकटे उत्तरवार, घनश्यामशेठ, धंदा वाढवायला हैदराबादला गेले आणि तिथेच राहिले. तिथल्या तलावावर त्यांना शिडाच्या होडीचा नाद लागला. आधी दुसऱ्याच्या होडीत बसले, मग स्वतःची घ्यायची ठरवली. मुंबईत एक चांगली होडी विकायला निघाली. वीसेक फुटांची, तिघांनी चालवायची, पोटाखाली जड शिशाचं पातं असलेली. ते पातं खाली असतं म्हणून होडी वाऱ्याने कलंडते पण उलटत नाही. शेठनी ती घेतली आणि नाव ठेवलं वावटळ. चैत्रात आमच्या काळ्या रानातून धुळीचा खांब फिरत जातो, तो त्यांनी लहानपणी पाहिलेला होता.

ती मुंबईहून हैदराबादला आणायची होती. शेठनी दुसऱ्या कुणाचा विचार केला नाही. फोन केरळात किंवा गुजरातेत नाही, केळापुरात आला.

"भीमराज, एक नाजूक माल हाये."

"नाजूक असो का जड असो, शेठजी. माह्या दोरातून माल हालत नाई."

आणि तो खरंच हलला नाही. मुंबईच्या धक्क्यावर क्रेनने वावटळ उचलून ट्रकातल्या लोखंडी घोडीवर ठेवली. भीमराजने तिच्याभोवती दोर टाकले, पायाने रेटा दिला, काठी घातली आणि पीळ दिला. वाटेत तीन ठिकाणी थांबून पुन्हा पीळ दिला. हैदराबादला पोचला तेव्हा होडी जिथे ठेवली होती तिथून तसूभर सरकलेली नव्हती. त्याने ताडपत्री काढली आणि अभिमानाने शेठकडे पाहिलं.

दोन दिवसांनी तलावावर शर्यत होती. भीमराज मुद्दाम थांबला. त्याने कधी शर्यतीची होडी पाण्यावर पाहिली नव्हती. पांढरी शिडं उघडली, भोंगा वाजला आणि सगळ्या होड्या एका अंगाला झुकून निघाल्या. वावटळचं सुकाणू शेठच्या मुलीच्या, प्रेरणाच्या हाती होतं. ती तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. पहिल्या वळणापर्यंत वावटळ इतरांच्या बरोबरीने होती. मग ती मागे पडायला लागली. गाभण म्हशीसारखी जड झाली. सगळ्या होड्या आल्या, चहा प्यायला बसल्या, तेव्हा वावटळ आली.

क्रेनने तिला वर उचललं तसं तिच्या पोटातून पाणी ठिबकायला लागलं. दोन्ही कुशींवर, जिथून दोर गेले होते तिथे, आत दबल्याचे वळ होते आणि एका वळातून केसाएवढी चीर गेली होती. खाली उभा राहून भीमराज ते वळ पाहत होता. हे कशाने झालं ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही. दोन दोरांमधलं अंतर त्याच्याच हाताचं होतं.

घनश्यामशेठ ओरडले नाहीत. त्यांचा तो स्वभाव कधीच नव्हता. ते एवढंच म्हणाले, "भीमराज, हे कापसाची गठान नव्हती."

पुढच्या खेपेपासून वावटळ दुसऱ्या कंपनीच्या बंद गाडीतून जाऊ लागली.

माणसाचं काम सुटतं, तो दुसरं काम धरतो. भीमराजला काम कमी नव्हतं. रुईच्या गाठी हैदराबादकडे जात, तिकडून सिमेंट येई. पण त्याला चैन पडेना. त्याच्या दोराने आजवर काही मोडलं नव्हतं. जे मोडलं ते पाण्यावरचं एवढं देखणं, की भोंगा वाजल्यावर त्याचा श्वास थांबला होता. हैदराबादची खेप असली की तो गाठी उतरवून तलावावर जाई. कुंपणापाशी उभा राहून वावटळ पाहत असे. तिची चीर बुजवली होती, रंग दिला होता. तरी ती कुठे आहे ते त्याला लांबूनही कळे.

घरी बायको कांताबाई त्याला पुरती ओळखून होती. एका संध्याकाळी तो जेवायला बसला, तेव्हा तिने विचारलं, "या खेपेले पुन्हा गेलते काय होडीपाशी?"

"गेलतो."

"तिले काय झालं होतं, सांगा एकदा नीट."

त्याने सांगितलं. किती पीळ दिला, कुठे थांबला, पुन्हा किती दिला. कांताबाई हसायला लागली.

"हासाले काय झालं?"

"तुमाले आवळाचा रोगच हाये. लग्नात माह्या बापानं दिलेल्या पेटीले दोर बांधला होता तुमी, तं कडी वाकली होती तिची. पेटी हालू नोय म्हनून. अवो, बैलगाडीतून पेटी कुठी पळून जाते?"

कांताबाईच्या कोंबड्या होत्या. मंगळवारच्या बाजाराला ती टोपलीत सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा, घालून त्यात अंडी रचून पांढरकवड्याला नेई. काळीपिवळी जीपमध्ये माणसांवर माणसं बसलेली, टोपली कुणाच्या मांडीखाली, कुणाच्या पायाशी. तिची अंडी फुटत नसत. ती उठली, आतून एक अंडं आणलं आणि नवऱ्याच्या हातावर ठेवलं.

"धरा. घट्ट धरा, पन फोडू नका."

भीमराजने धरलं.

"आता हात हालवा. पडलं काय?"

"नाई."

"मंग तेवढंच आवळाचं असते. त्याच्यावर जे आवळता ते तुमच्या भेवाचं असते, मालाचं नाई."

तिथून ती युक्ती निघाली. कांताबाईने जुन्या लुगड्यांच्या जाड गोधड्या शिवल्या, आत सरकी काढलेला कापूस भरून. होडीच्या अंगाला आणि दोराला मध्ये गोधडी. प्रत्येक गोधडीला आतल्या बाजूने एक खिसा. खिशात कच्चं अंडं. दोर त्याच्यावरून जाणार. दोर जरा जास्त आवळला, की होडीच्या आधी अंडं फुटणार. भीमराजने आधी ते घरच्या पाण्याच्या प्लॅस्टिक टाकीवर करून पाहिलं. पहिल्या दिवशी सगळी अंडी फुटली. त्या रात्री घरात सगळ्यांना अंड्याची भाजी होती. दुसऱ्या दिवशीही होती. हळूहळू भाजी कमी होत गेली.

मग तो गोधड्या घेऊन हैदराबादला गेला. शेठ तलावाच्या काठी खुर्चीत बसलेले होते. प्रेरणा होडी पुसत होती. भीमराजने सगळं समजावून सांगितलं. शेठचं तोंड अंडं ऐकताच कडू झालं. उत्तरवारांच्या घरात कांदाही चतुर्थीला शिजत नाही.

"माह्या होडीत अंडे?"

"होडीत नाई शेठजी. होडीच्या बाहीरून."

"बाहीरून म्हनजे काय, सोवळ्यानं फुटते काय ते?"

प्रेरणाला हसू आवरेना. ती म्हणाली, "बाबा, बंद गाडीत दर खेपेला नवा ड्रायव्हर असतो. मागच्या वेळी सुकाणूचा खिळा वाकून आला. काकांना एकदा तरी पाहू द्या ना."

शेठनी एका गोधडीचा खिसा बोटाच्या टोकाने उचलून पाहिला. मग म्हणाले, "एक खेप. पन सांगून ठेवतो, भीमराज. हिच्या अंगावर तुह्या दोराचा वळ पुन्हा दिसला, तं त्यानंतर मी तुले होडीले हात लावू देनार नाई. तुह्या बापाची आन माह्या बापाची ओळख मधात आणू नको."

"नाई आणत," भीमराज म्हणाला.

त्या खेपेला वावटळ भोपाळला गेली. वाट आमच्या गावावरूनच जाते. पांढरकवड्याच्या चौकात ट्रक थांबला, तर माणसं जमली. ट्रकाच्या कपाळावर निळ्या अक्षरांत जय भीम, मागे आभाळाच्या रंगाची होडी आणि तिच्या कमरेला लुगड्यांच्या गोधड्या. कुणीतरी विचारलं, "काहून गा भीमराज, बाळंतीण घेऊन चाल्ला काय?"

"बाळंतीणच समज. वाटेत हॉर्न नको वाजवू."

भोपाळला अंडी मोजली. सगळी साबूत. प्रेरणाने आणि तिच्या दोन्ही साथीदारांनी काठावर ती उकडून खाल्ली, शेठकडे पाठ करून. त्या शर्यतीत वावटळ तिसरी आली. मग तो रिवाजच पडला. होडी पोचली की अंडी उकडायची, खायची आणि मगच शीड चढवायचं. शेठना ठाऊक होतं. ते त्या वेळी बरोबर हातपाय धुवायला जात.

वावटळची खरी कारकीर्द तिथून सुरू झाली. पुढच्या पावसाळ्यात ती हैदराबादच्या तलावावर पहिली आली. चेन्नईला समुद्रात गेली, खारं पाणी पिऊन आली आणि दुसरी आली. गोव्यात वारा पडला होता, सगळ्या होड्या चित्रासारख्या उभ्या होत्या, तेव्हा प्रेरणाने कुठून तरी वाऱ्याची एक झुळूक हुडकली आणि तिच्यावर बसून वावटळ एकटी निघून गेली. ती नवी होडी नव्हती. तिच्याहून हलक्या, तिच्याहून महागड्या होड्या होत्या. पण तिला पाण्याचा स्वभाव कळला होता, असं भीमराज सांगे.

गावात परत आला की हॉटेलात बाकावर बसून तो शर्यत सांगायचा. शंकरपट पाहिलेली माणसं ऐकायला बसत. शंकरपटात बैल सरळ पळतात, पण होडीला वारा समोरून आला की ती सरळ जात नाही, नागमोडी जाते, हे लोकांना पहिल्यांदा खोटं वाटलं.

"मंग समोर जाते कशी?"

"तिरपी जाते, वळते, पुन्हा तिरपी जाते. जसं आपन बांधावरून न जाता वावरा-वावरातून जातो तसं."

"तुले पोहता येते काय रे, भीमराज?"

"नाई."

"होडीत बसला काय कधी?"

"नाई."

"मंग तू कायचा होडीवाला?"

"मी सडकेचा हाये. पान्याची प्रेरणाबाई हाये. सडकेवर जे हारलं ते पान्यावर जिंकता येत नाई, बाबू."

हे तो फुशारकीने म्हणत नसे. त्याने एकदा सडकेवर हरून पाहिलं होतं.

वावटळला एकच गोष्ट मिळत नव्हती. राष्ट्रीय विजेतेपद. दोनदा ती दुसरी आली. त्यात एकदा तर एका गुणाने. होडीलाही वय असतं. तिचं अंग मऊ पडायला लागतं, शीड ताणलं की आतून कुरकुर येते. शेठना ते ऐकू येत होतं. यंदाची स्पर्धा भोपाळच्या मोठ्या तलावावर होती. हैदराबादहून निघताना ते भीमराजला म्हणाले, "यंदा हे शेवटची हाये हिची. पुढच्या वर्षी नव्या होड्या हिले उभ्या राहू देनार नाई."

"यंदा आनतेच ते," भीमराज म्हणाला.

फाल्गुन होता. केळापूरच्या वाटेवर पळस पेटलेला होता. कांताबाईने खिशांतली अंडी बदलून ताजी घातली आणि कुटाराच्या डब्यात चार जादा दिली, वाटेत लागली तर. नागपूर गेलं, मुलताई गेलं, बैतूल गेलं. बरेठ्याच्या घाटात रस्त्याचं काम चाललं होतं. डांबर उखडून ठेवलेलं, वळणावर मुरुम, समोरून येणाऱ्या गाड्या अंगावर. ट्रक एका खड्ड्यात असा आदळला, की मागे घोडीचं लोखंड वाजलं. भीमराजने गाडी बाजूला घेतली. होडी हलली नव्हती. नीट पाहिलं, खरंच हलली नव्हती. पण पुढे अख्खा घाट होता आणि ही तिची शेवटची खेप होती. त्याच्या हाताने आपसूक काठी उचलली. मधल्या दोरात घातली. एक पीळ दिला.

घाट उतरल्यावर तो पीळ काढायचा, असं त्याने ठरवलं होतं. घाट उतरला. पलीकडे रस्ता गुळगुळीत लागला, मन हलकं झालं, आणि पीळ तसाच राहिला.

भोपाळला सकाळी पोचल्यावर तो गोधड्या सोडायला लागला. मधल्या गोधडीला हात लावला तर ओल लागली. खिशात अंडं नव्हतं, चिकट पाणी आणि टरफलं होती.

त्याच्या आजूबाजूला कुणी नव्हतं. प्रेरणा आणि तिचे साथीदार शीड पसरून पाहत होते. शेठ पंचांशी बोलत होते. त्या दिवशी दुपारी पहिली शर्यत होती. डब्यात चार जादा अंडी होती. गोधडी उन्हात टाकली असती तर तासात वाळली असती. होडीच्या अंगावर त्याने हात फिरवला. वळ दिसत नव्हता. बोटाला काही लागत नव्हतं. पण पहिल्या खेपेलाही शर्यतीनंतर होडी क्रेनने वर जाईपर्यंत काही दिसलं नव्हतं.

सांगितलं, तर शेठचा शब्द होता. वावटळ त्याच्या हातातून गेली. न सांगितलं, तर वावटळ त्याची राहिली, पण पाण्यावर तिच्या पोटाचं काय होईल ते त्याला काठावर उभं राहून पाहावं लागलं असतं.

तो गोधडी तशीच हातात घेऊन शेठकडे गेला आणि पंचांच्या देखत ती उलटी करून दाखवली.

"घाटात मी एक पीळ जास्त देल्ला. काढाचा राह्यला. मधला दोर हाये. पाहून घ्या, मंग पान्यात घाला."

शेठचा चेहरा उतरला. "आता? आता पाहाचं म्हनजे होडी वर टांगा लागते. दुपारची शर्यत जाते."

"जाऊ द्या, पन पाहा."

प्रेरणा आली. तिने गोधडी पाहिली, बापाकडे पाहिलं आणि क्रेनवाल्याला हाक मारली.

वावटळ हवेत टांगली. तिघांनी तिचं अंग बोटभर बोटभर तपासलं. लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकला, आतून बॅटरी लावून पाहिलं, पातं जिथे पोटाला जुळतं तिथले बोल्ट पाहिले. पाण्यावर भोंगा वाजला. इतर होड्या निघाल्या. त्या वळून परत आल्या तरी इकडे ठोकणं चालू होतं. शेवटी प्रेरणाने हातोडी खाली ठेवली.

"काही नाही. कुठेच काही नाही. एकदम निरोगी आहे."

शेठ इतका वेळ खुर्चीत बसून होते. ते उठले. "एका अंड्यापायी शर्यत गेली. भीमराज, जाताना दुसरी गाडी सांगतो मी."

भीमराजने मान हलवली. त्याला त्यात अन्याय दिसला नाही. पीळ त्याचाच होता.

या स्पर्धेत पुष्कळ शर्यती असतात आणि सगळ्यांचे गुण मिळवतात. प्रत्येक होडीला तिची सगळ्यात वाईट शर्यत सोडून द्यायची मुभा असते. इतरांकडे ती मुभा शिल्लक होती. वावटळने ती पहिल्याच दिवशी, पाण्याला अंग न लावता खर्च केली होती. आता तिला चुकायला जागा नव्हती. भीमराजला हे प्रेरणाच्या एका साथीदाराने समजावलं, तेव्हा तो ट्रकाच्या पायरीवर बसला आणि उठला नाही. जेवणही त्याला तिथेच आणून दिलं.

पुढच्या दिवसांत वावटळ चुकली नाही. पहिली आली, दुसरी आली, दुसरी आली, पहिली आली. शेवटच्या शर्यतीच्या सकाळी गुणफलकावर ती आणि मुंबईची एक नवी होडी बरोबरीला होत्या. जी पुढे येईल ती जिंकणार.

त्या दिवशी वारा बिघडला. तलावाच्या पश्चिमेकडून असा सुटला, की पाण्याचा रंग काळा झाला आणि काठावरच्या खुर्च्या लोळायला लागल्या. अशा वाऱ्यात शीड पूर्ण ताणून धरलं तर होडी वेगात जाते, पण तिच्या अंगावर सगळा भार येतो. होडीचा भरवसा नसला की माणूस शीड ढिलं सोडतो. शेवटच्या वळणाला मुंबईची होडी दोन होड्यांच्या लांबीने पुढे होती. तिथे वाऱ्याचा मोठा झोत आला. मुंबईच्या होडीने शीड ढिलं केलं. मागच्या होड्यांनीही केलं. एकट्या वावटळने केलं नाही. ती एका कुशीवर इतकी झुकली, की तिचं पोट काठावरून दिसलं. तिघं होडीच्या वर उचललेल्या कडेवरून लोंबकळत होते, पाठ आडवी होईल इतके बाहेर. तशीच ती मुंबईच्या होडीच्या बाजूने गेली, आणि पुढे गेली.

भीमराजने ते पाहिलं की नाही, सांगता येत नाही. भोंगा वाजला तेव्हा तो ट्रकामागे होता. शेठनी सांगितलेली दुसरी गाडी आली होती. नागपूरचा राजकुमार नावाचा ड्रायव्हर होता, तरणा, बोलका. भीमराज त्याला गोधड्या दाखवत होता.

"हे पुढची. हे मधातली. मधातल्या दोराले जपजो, तिथं हात जड होते."

"अन खिशात काय टाकाचं, काका?"

"अंडं."

"शिजवून?"

"कच्चं. दोर आवळला आन ते फुटलं, तं समज तू चुकला."

राजकुमारने डोक्याला हात लावला. "काका, एवढी काळजी तं मी माह्या बायकोची नाई घेत."

"मंग घेत जा," भीमराज म्हणाला. "होडी बोलत नाई म्हनून बरं हाये."

काठावर माणसं गोळा झाली होती. प्रेरणाच्या गळ्यात हार होता, कपड्यांतून पाणी निथळत होतं. कप शेठच्या हातात होता आणि तो कसा धरावा ते त्यांना उमगत नव्हतं. दोनदा हुकलेली गोष्ट हाताला लागली की माणूस आधी तिचं वजनच करत बसतो. त्यांनी मुलीला विचारलं, "त्या झोतात शीड कायले नाई सोडलं तू? होडी मोडली असती तं?"

"मोडणार नव्हती, बाबा."

"तुले काय ठाऊक?"

"पहिल्याच दिवशी मी तिचं सगळं अंग ठोकून पाहिलं ना. मुंबईवाल्यांना त्यांच्या होडीचं पोट कसं आहे ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं." मग तिने हार काढून होडीच्या टोकाला अडकवला. "काकांनी सांगितलं नसतं, तर मीसुद्धा सोडलं असतं. जुनी होडी आहे."

शेठनी कप खुर्चीवर ठेवला, चुरगळलेला शर्ट सारखा केला आणि ते चालत ट्रकांकडे आले. क्रेनने वावटळ राजकुमारच्या गाडीवर उतरवायची तयारी चालली होती.

"तू जाय, बाबू," ते राजकुमारला म्हणाले. "उद्या आमच्या जिनिंगवर ये, गाठी भरून देतो. रिकामा नाई जाऊ देत तुले." क्रेनवाल्याला त्यांनी हाताने बाजूचा ट्रक दाखवला, कपाळावर निळी अक्षरं असलेला.

राजकुमारने गोधड्यांकडे पाहिलं, भीमराजकडे पाहिलं. "बरं झालं, काका. अंडे माह्यानं जमले नसते," म्हणाला आणि गेला.

भीमराज खाली मान घालून गोधड्या उचलत होता. वावटळ हळूहळू उतरली, घोडीवर टेकली. टोकाला झेंडूचा हार होता, तो कुणी काढला नाही. भीमराजने पहिली गोधडी लावली, खिशात अंडं ठेवलं, दोर टाकला. मग मधली. दोर पलीकडे फेकला आणि तो पकडायला वळसा घालून जाणार, तेवढ्यात पलीकडून दोर ताणला गेला.

होडीपलीकडे घनश्यामशेठ उभे होते. बाह्या दुमडलेल्या, दोन्ही हातांत दोर. उभ्या जन्मात त्यांनी गाडी बांधली नव्हती, आणि ते दिसत होतं.

"किती ओढू?" त्यांनी विचारलं.

भीमराजने होडीच्या अंगावर तळवा टेकवला.

"थोडं सैल सोडा, शेठजी. आनखी. आनखी जरासं." तो थांबला, दोरावरून बोट फिरवलं. "हं. आता धरून ठेवा, मी गाठ मारतो."